लिनक्स कॉम्प्युटरवर गेमचा शॉर्टकट आणि आयकॉन कसा बनवायचा? जाणून घ्या संपूर्ण माहिती

जुना कॉम्प्युटर विंडोजवर चालेना म्हणून त्यावर लिनक्स टाकून घेतलं. पोरांनी नेटवरून एक गेम उतरवला, तासभर खेळलेही. दुसऱ्या दिवशी बघतात तर गेम गायब! मेनूत नाव नाही, स्क्रीनवर चित्र नाही. मग घरात एकच निष्कर्ष निघतो, "लिनक्सवर गेम चालत नाहीत." आणि चांगला चालणारा कॉम्प्युटर पुन्हा कापड टाकून कोपऱ्यात जातो.

खरं तर गेम कुठेही गेलेला नसतो. तो एखाद्या फोल्डरमध्ये पडून असतो, फक्त त्याच्यापर्यंत जायचा रस्ता कुणी तयार केलेला नसतो. हा रस्ता म्हणजेच शॉर्टकट. तो बनवायला दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत आणि त्यासाठी कॉम्प्युटर तालुक्याच्या दुकानात न्यायचीही गरज नाही.

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अनेक जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे घरात आणि शाळांत असे कॉम्प्युटर लिनक्सवर नेणं हा एक चांगला पर्याय आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचं स्वतःचं लिनक्स बनवलं आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून लिनक्सच वापरलं जातं. पण लहान मुलांना कॉम्प्युटर आपला वाटतो तो खेळामुळे. म्हणून हा शॉर्टकटचा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

या लेखात 'लिनक्स मिंट' हे लिनक्स आणि त्यातला 'सिनॅमन' डेस्कटॉप धरून माहिती दिली आहे. उदाहरणासाठी 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा मोफत गेम घेतला आहे. लिनक्सचा पेंग्विन 'टक्स' हा या गेममधला मुख्य गडी. तुमचा गेम दुसरा असला तरी पद्धत हीच.

शॉर्टकट म्हणजे नक्की काय?

सातबारा म्हणजे जमीन नव्हे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, मालकाचं नाव असतं. जमीन मात्र शिवारातच असते. सातबाऱ्याचा कागद फाटला म्हणून शेत नाहीसं होत नाही, आणि कागदावर गट नंबर चुकला तर माणूस भलत्याच बांधावर जाऊन उभा राहतो.

शॉर्टकटचंही तसंच आहे. ती एक छोटी मजकुराची फाइल असते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी लिहिलेल्या असतात:

१. गेमचं नाव, म्हणजे स्क्रीनवर काय दिसायचं ते.
२. कमांड, म्हणजे क्लिक केल्यावर कोणती फाइल चालवायची तिचा पूर्ण पत्ता.
३. आयकॉन, म्हणजे कोणतं चित्र दाखवायचं त्याचा पत्ता.

गेम स्वतः या फाइलमध्ये नसतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बहुतेक अडचणी आपल्या आपण सुटतात. शॉर्टकट उडवला तरी गेम राहतो. गेमचा फोल्डर हलवला तर शॉर्टकट बिनकामाचा होतो. आणि फक्त शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलात, तर तिथे काहीच उघडत नाही.

आपोआप कधी येतो, हाताने कधी बनवावा लागतो?

मिंटमधल्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून गेम टाकला, तर शॉर्टकट मेनूतल्या 'गेम्स' विभागात आपोआप येतो. लहान मुलांसाठीचे 'जीकॉम्प्री' आणि 'टक्स पेंट', तसंच 'सुपरटक्स' आणि 'सुपरटक्सकार्ट' हे सगळे तिथे मिळतात. त्यामुळे पहिला सल्ला हाच की गेम आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. तिथे मिळाला तर मेनूचं काम झालंच म्हणून समजा.

'स्टीम'वरून गेम घेतला असेल, तर स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर उजवं क्लिक करा. तिथे 'मॅनेज'मध्ये 'ॲड डेस्कटॉप शॉर्टकट' असा पर्याय आहे.

हाताने काम करावं लागतं ते मुख्यतः दोन प्रकारांत. पहिला प्रकार, गेमच्या वेबसाइटवरून उतरवलेली दाबलेली फाइल, जी उलगडली की एक फोल्डर मिळतो. दुसरा प्रकार 'ॲपइमेज'. यात पूर्ण गेम एकाच फाइलमध्ये असतो आणि तो इन्स्टॉल करावाच लागत नाही. इन्स्टॉल होत नाही म्हणूनच तो मेनूतही येत नाही.

आधीची तयारी: या चार गोष्टी करून घ्या

शॉर्टकट बनवण्याची घाई करू नका. आधी गेम स्वतः नीट चालतो का ते बघायचं.

*पहिली गोष्ट, जागा.* गेम 'डाउनलोड्स'मध्ये ठेवू नका. जागा कमी पडली की घरातलं कुणीतरी तोच फोल्डर आधी साफ करतं. आपल्या 'होम' फोल्डरमध्ये इंग्रजीत 'गेम्स' नावाचा नवा फोल्डर करा आणि गेम तिथे हलवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडू नका. कमांडमध्ये मोकळी जागा आली की लिनक्सला वाटतं पत्ता तिथेच संपला, आणि शॉर्टकट अडतो.

*दुसरी गोष्ट, उलगडणं.* फाइल दाबलेली असेल तर तिच्यावर उजवं क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' दाबा. थोड्या वेळाने शेजारी फोल्डर तयार होईल.

*तिसरी गोष्ट, परवानगी.* नेटवरून आलेली फाइल लिनक्स थेट चालवत नाही, आधी तुमची परवानगी मागतं. गेमची मुख्य फाइल शोधा. सुपरटक्सकार्टच्या फोल्डरमध्ये तिचं नाव 'रन गेम' असं आहे आणि शेवटी 'डॉट एसएच' आहे. ॲपइमेज असेल तर तीच एक फाइल. तिच्यावर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा, 'परमिशन्स'वर जा आणि 'अलाउ एक्झिक्युटिंग फाइल ॲज प्रोग्राम' या ओळीसमोर खूण करा.

*चौथी गोष्ट, चाचणी.* आता त्या फाइलवर डबल क्लिक करा. काय करायचं असं विचारलं तर 'रन' निवडा. गेम सुरू झाला तरच पुढे जा. इथेच चालला नाही तर शॉर्टकटमधूनही चालणार नाही.

आणखी एक सूचना. गेम पेनड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवू नका. बहुतेक पेनड्राइव्ह 'फॅट' पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यांच्यावर लिनक्सची ही परवानगी नोंदवता येत नाही. गेम आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर कॉपी करा.

मेनूमध्ये गेम कसा आणायचा?

स्क्रीनवरचे शब्द सहसा इंग्रजीत दिसतील. आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द मागेपुढे होऊ शकतो, पण क्रम हाच.

१. खाली डाव्या कोपऱ्यातल्या मेनूच्या बटणावर उजवं क्लिक करा आणि 'कॉन्फिगर' निवडा.
२. उघडलेल्या खिडकीत 'मेनू'वर जा. तिथे मेनू एडिटर उघडणारं बटण आहे, ते दाबा.
३. डावीकडे विभागांची यादी दिसेल. त्यातला 'गेम्स' निवडा.
४. 'न्यू आयटम' दाबा. एक छोटा फॉर्म उघडेल.
५. 'नेम' समोर गेमचं नाव लिहा.
६. 'कमांड' समोर पत्ता टाइप करत बसू नका. शेजारचं 'ब्राउझ' बटण दाबा आणि गेमची मुख्य फाइल निवडा. पत्ता आपोआप भरला जातो आणि स्पेलिंगची चूक होत नाही.
७. 'कॉमेंट' समोर एखादी ओळ लिहिली तरी चालेल, नाही लिहिली तरी चालेल.
८. 'लाँच इन टर्मिनल' ही खूण रिकामी ठेवा.
९. डावीकडच्या चित्राच्या बटणावर क्लिक करून आयकॉन निवडा. तो कसा निवडायचा हे खाली दिलं आहे.
१०. 'ओके' दाबा.

आता मेनू उघडा. 'गेम्स' विभागात तुमचा गेम दिसायला हवा. लगेच दिसला नाही तर एकदा लॉग-आउट करून परत या.

एडिटरमध्ये 'गेम्स' विभाग सापडत नसेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एखादा छोटा गेम टाका. विभागात एकही गेम नसेल तर मेनू तो विभाग दाखवत नाही.

डेस्कटॉपवर चित्र कसं आणायचं?

गेम मेनूत आला की डेस्कटॉपचं काम एका क्लिकचं. मेनूतल्या गेमच्या नावावर उजवं क्लिक करा आणि 'ॲड टू डेस्कटॉप' निवडा. तिथेच 'ॲड टू पॅनल' निवडलं तर खालच्या पट्टीवर आयकॉन येतो आणि 'ॲड टू फेव्हरेट्स' निवडलं तर मेनूतल्या आवडत्या यादीत येतो.

मेनूत नको, फक्त डेस्कटॉपवर हवा असेल तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करा आणि 'क्रिएट अ न्यू लाँचर हिअर' निवडा. फॉर्म तोच आहे. शेवटी हा शॉर्टकट मेनूतही टाकायचा का, असं विचारलं जातं. 'हो' म्हटलं तर तो आधी 'अदर' विभागात जातो, 'गेम्स'मध्ये नाही. अनेक जण 'गेम्स'मध्ये शोधत बसतात ते यामुळेच.

मिंटचा एक्सएफसीई डेस्कटॉप किंवा उबंटू असेल तर?

कमी रॅमच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा 'एक्सएफसीई' हा हलका डेस्कटॉप टाकलेला असतो. तिथे डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून 'क्रिएट लाँचर' निवडा. या फॉर्ममध्ये 'वर्किंग डिरेक्टरी' असा एक जास्तीचा रकाना असतो. तिथे गेमचा फोल्डर निवडा. काही गेम सुरू होताना आपली चित्रं आणि आवाज त्या फोल्डरमध्ये शोधतात. हा रकाना रिकामा राहिला तर असा गेम उघडून लगेच बंद पडतो.

उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून लाँचर बनवायची सोय नाही. तिथे 'मेनूलिब्रे' नावाचा मोफत प्रोग्राम टाकून घ्या. तो एक्सएफसीईवरही चालतो. त्यातही नाव, कमांड, आयकॉन, फोल्डर आणि विभाग हेच रकाने आहेत. नव्या उबंटूवर ॲपइमेज अजिबात उघडत नसेल तर 'लिबफ्यूज २' हे पॅकेज नसल्याची शक्यता असते. ते एकदा टाकलं की काम होतं.

आयकॉन कोणता आणि कुठे ठेवायचा?

ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, ते चित्रावरूनच गेम ओळखतं. त्यामुळे सगळ्या गेमना एकच दातेरी चाकाचं चित्र ठेवू नका.

गेमच्या फोल्डरमध्ये बऱ्याचदा आयकॉन आधीच असतो. शेवटी 'पीएनजी' किंवा 'एसव्हीजी' असलेली फाइल शोधा. नसेल तर स्वतःचं चित्र वापरा. चित्र चौकोनी हवं, म्हणजे रुंदी आणि उंची सारखी. १२८ किंवा २५६ पिक्सेल पुरेसं आहे. मोबाइलवर काढलेला मोठा फोटो जसाच्या तसा देऊ नका. आधी तो मोबाइलवरच चौकोनी कापून लहान करा, पीएनजी प्रकारात साठवा आणि मग कॉम्प्युटरवर घ्या.

घरातल्या मुलाने 'टक्स पेंट'मध्ये काढलेलं चित्रही आयकॉन म्हणून चालतं, कारण टक्स पेंट चित्रं पीएनजीमध्येच साठवतं. आपण काढलेल्या गाडीवर क्लिक करून गेम उघडतो, याची मुलांना वेगळीच मजा वाटते.

चित्र कुठेही असो, आधी ते गेमच्याच फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग निवडा. शॉर्टकट चित्राचाही फक्त पत्ताच लिहून ठेवतो. चित्र डाउनलोड्समध्ये राहिलं आणि तिथून उडालं, तर आयकॉनही कोरा होतो.

नाव मराठीत ठेवता येतं का?

हो, नक्की ठेवता येतं. 'नेम' समोर सरळ देवनागरीत 'गाड्यांची शर्यत' असं लिहा, मेनूत तसंच दिसेल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडता येतो. टायपिंग जमत नसेल तर मोबाइलवर नाव लिहा, स्वतःलाच ई-मेल करा आणि कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट करा. मराठी नाव चालतं ते फक्त 'नेम' आणि 'कॉमेंट'मध्ये. कमांडचा पत्ता फोल्डरमध्ये जसा आहे तसाच राहू द्या.

फाइलच्या आत काय असतं?

हे समजलं की बिघाड स्वतः शोधता येतो. तुम्ही बनवलेले मेनूचे शॉर्टकट तुमच्या होम फोल्डरमध्येच असतात, पण लपवलेल्या जागी. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच ही बटणं एकत्र दाबा. टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसू लागतील. त्यात 'लोकल', त्याच्या आत 'शेअर', त्याच्या आत 'ॲप्लिकेशन्स'. तिथल्या फाइलवर उजवं क्लिक करून ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा.

सगळ्यात वर चौकटी कंसात 'डेस्कटॉप एंट्री' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती ओळ बदलायची नाही. त्याखालच्या प्रत्येक ओळीत आधी रकान्याचं नाव, मग बरोबरची खूण आणि मग माहिती असते:

• टाइप: इथे 'ॲप्लिकेशन' हवं.
• नेम: दिसणारं नाव.
• एक्झेक: चालवायची कमांड. गेम उघडत नसेल तर सगळ्यात आधी ही ओळ तपासा.
• आयकॉन: चित्राचा पत्ता.
• पाथ: गेमचा फोल्डर. एक्सएफसीईमधली वर्किंग डिरेक्टरी ती हीच. सिनॅमनमध्ये गेम उघडून बंद पडत असेल तर ही ओळ हाताने लिहा.
• टर्मिनल: इथे 'फॉल्स' असेल तर काळी खिडकी उघडत नाही.
• कॅटेगरीज: मेनूतला विभाग. इथे इंग्रजीत 'गेम' लिहून अर्धविराम दिला की शॉर्टकट 'गेम्स'मध्ये जातो. 'अदर'मध्ये अडकलेला शॉर्टकट असाच हलवता येतो.

बदल करायचा तो बरोबरच्या खुणेच्या उजवीकडे. लिनक्समध्ये लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानली जातात. फोल्डरचं पहिलं अक्षर मोठं असेल आणि तुम्ही लहान लिहिलं तर पत्ता चुकला. तसंच होम फोल्डरसाठी काही जण नागमोडी खूण वापरतात, ती इथे चालत नाही. पत्ता सुरुवातीपासून पूर्ण लिहावा लागतो.

ही रचना 'फ्रीडेस्कटॉप' या प्रकल्पाने ठरवलेली आहे आणि सिनॅमन, एक्सएफसीई, उबंटू असे बहुतेक सगळे डेस्कटॉप तीच पाळतात. त्यामुळे एकदा शिकलेलं सगळीकडे कामाला येतं.

शाळेत किंवा एकाच कॉम्प्युटरवर अनेक खाती असतील तर?

वर सांगितलेल्या पद्धतीने बनवलेला शॉर्टकट फक्त त्याच खात्यात दिसतो. गुरुजींनी आपल्या खात्यात बनवला तर विद्यार्थ्यांच्या खात्यात दिसणार नाही. शॉर्टकट त्यांच्या खात्यात कॉपी केला तरी गेम उघडेलच असं नाही, कारण एका खात्याचा होम फोल्डर दुसऱ्या खात्याला बंद असू शकतो.

यावर सोपा उपाय म्हणजे असा गेम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकणं. तो सगळ्या खात्यांना आपोआप दिसतो. तसा मिळत नसेल तर गेमचा फोल्डर 'ऑप्ट' या सामाईक जागेत ठेवायचा आणि शॉर्टकटची फाइल 'यूएसआर', 'लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' या क्रमाने येणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची. शॉर्टकटमधले कमांडचे आणि चित्राचे पत्तेही मग नव्या जागेचे करावे लागतात. या कामाला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यानेच करावं.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

*क्लिक केलं तरी काहीच होत नाही.* फोल्डर हलवलाय का, नाव बदललंय का ते बघा. तसं नसेल तर टर्मिनल उघडा, गेमची फाइल माउसने ओढून टर्मिनलमध्ये सोडा आणि एंटर दाबा. पत्ता आपोआप लिहिला जातो. मग स्क्रीनवर काय येतं ते वाचा. 'परमिशन डिनाइड' आलं तर परवानगीची खूण राहिली आहे. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं तर सहसा पत्ता चुकला आहे. दुसरं काही आलं तर त्या मजकुराचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. जाणकार माणसाला "गेम चालत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा हा फोटो दाखवला तर काम लवकर होतं.

*टर्मिनलमधून चालतो, शॉर्टकटमधून नाही.* एक्झेकच्या ओळीतला पत्ता आणि मोकळ्या जागा तपासा. नंतर पाथची ओळ भरा.

*डेस्कटॉपवर क्लिक केलं की मजकूर उघडतो किंवा इशारा येतो.* शॉर्टकटवर तुमचा भरवसा अजून नोंदवलेला नाही. उबंटूमध्ये उजवं क्लिक करून 'अलाउ लाँचिंग' निवडा. मिंटमध्ये प्रॉपर्टीजमधून वर सांगितलेली परवानगीची खूण करा.

*आयकॉन कोरा दिसतो.* चित्र जागेवरून हललं आहे. गेमच्या फोल्डरमध्ये ठेवून पुन्हा निवडा.

*गेम काढला तरी नाव मेनूत राहिलं.* हाताने बनवलेला शॉर्टकट हातानेच काढावा लागतो. मेनू एडिटरमध्ये निवडून डिलीट करा. उलट, फक्त शॉर्टकट काढल्याने डिस्कवरची जागा रिकामी होत नाही. त्यासाठी गेमचा फोल्डर काढावा लागतो.

सावधान! कुणाचाही शॉर्टकट उघडू नका

वर दिसणारं नाव आणि चित्र एक, पण आतली कमांड भलतीच, असं सहज करता येतं. गेमच्या नावाखाली तुमच्या फाइल पुसणारी किंवा चोरणारी कमांड लपवता येते. 'अनट्रस्टेड' म्हणजे भरवशाचा नाही असा इशारा येतो तो यासाठीच. तुम्ही स्वतः बनवलेल्या शॉर्टकटला परवानगी द्यायला हरकत नाही. पण व्हॉट्सॲपवर, ई-मेलने किंवा कुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेला शॉर्टकट आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एक्झेकची ओळ वाचा. समजली नाही तर फाइल डिलीट करा.

आणि मुलांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा. साधा गेम खेळताना ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. गेम उघडल्यावर पासवर्ड मागितला तर काही न लिहिता खिडकी बंद करायची आणि मोठ्यांना सांगायचं. त्याच कॉम्प्युटरवर घरातली कागदपत्रं, पीक विम्याचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार होत असतील, तर ही सवय फार कामाची आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• गेम आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा.
• बाहेरून घेतला तर होममधल्या गेम्स फोल्डरमध्ये ठेवा, डाउनलोड्समध्ये नको.
• परवानगीची खूण करा आणि डबल क्लिक करून गेम चालतो का ते बघा.
• मेनू एडिटर, गेम्स, न्यू आयटम. नाव लिहा, ब्राउझने फाइल निवडा, आयकॉन निवडा.
• मेनूतून 'ॲड टू डेस्कटॉप' करा.
• त्यानंतर फोल्डरचं नाव आणि जागा बदलू नका.

पहिला शॉर्टकट तुम्ही बनवा, पण दुसरा मुलांना बनवू द्या. चुकला तरी बिघडणारी ती फक्त एक छोटी फाइल असते. गेम जागेवरच राहतो आणि शॉर्टकट पुन्हा बनवता येतो.